सहा मावत नाहीत, नऊ मावतात

गुवाहाटीहून परत आल्यापासून स्टाफरूममध्ये जो तो विचारतो, कामाख्येचं देऊळ पाहिलं का आणि गेंडा पाहिला का. दोन्ही पाहिलं नाही. नऊ दिवस मी घराबाहेर होतो. त्यातला एक दिवस फिरलो, दोन दिवस येण्याजाण्यात गेले आणि बाकीचे एका चर्चासत्रात. तरी हा प्रवास लिहून ठेवण्यासारखा झाला असं मला वाटतं, म्हणून लिहितो.

मी भिवंडीतल्या एका कॉलेजात गणित शिकवतो. वय अठ्ठेचाळीस. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. बायको सुनंदा नर्स आहे. नोकरी सांभाळून मी सात वर्षांपूर्वी पीएचडीला नाव घातलं. प्रबंधाचं नाव दीड ओळीचं आहे: पदार्थविज्ञानातल्या भोवऱ्यांच्या प्रतिमानांतून येणाऱ्या अरेषीय विवृत्तीय समीकरणांच्या प्रणालींची उकल. नाव ऐकून लोक विषय बदलतात, म्हणून सोपं करून सांगतो.

काही धातू खूप थंड केले की त्यांच्यातून वीज अडथळ्याशिवाय वाहते. त्यांच्यावर चुंबक धरला तर काहींमध्ये त्याचा जोर सगळीकडून आत शिरत नाही, बारीक नळ्यांसारखा ठरावीक ठिकाणी शिरतो, आणि प्रत्येक नळीभोवती वीज गोल फिरत राहते. हा भोवरा. काही प्रतिमानांत दोन जातींचे भोवरे असतात आणि ते एकमेकांवर परिणाम करतात. प्रत्येक जातीचं एक समीकरण, पण पहिल्यात दुसरी जात घुसलेली आणि दुसऱ्यात पहिली. माझा प्रश्न असा की एवढ्या क्षेत्रफळात या जातीचे इतके आणि त्या जातीचे इतके भोवरे बसतात का. ज्या पृष्ठावर ते बसवायचे त्याला कडा नाही. छापील कापडावर नक्षी जिथे संपते तिथूनच पुन्हा सुरू होते, तसं ते पृष्ठ.

विद्यापीठाची मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा वाढत नाही. मुदतीला दोन महिने राहिले असताना माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "जाधव, चौथं प्रकरण म्हणजेच तुमचा प्रबंध. गुवाहाटीच्या चर्चासत्रात ते एकदा जाणकारांसमोर मांडून या. टिकलं तर जमा करा."

निघण्याआधी खारबावला आईला भेटून आलो. तिथे आमचं घर बौद्धवाड्यात आहे. आईने सुकटीचं पुडकं बांधून दिलं. "परक्या गावात जेवाय-खायचं काय ठाव," म्हणाली. मग तिने विचारलं, "सात वर्सं त्या भोवऱ्यांचंच चाललंय ना?"

"हो."

"तुजा बाप खाडीत भोवरा दिसला का होडी वळवायचा. तू मुद्दाम त्यात जातोस. शहाणा कोन, तू का तो?"

नदीपलीकडे

विमानाचं आणि बसचं काही लिहीत नाही. ब्रह्मपुत्रेवरचा पूल ओलांडला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नदीला दुसरा काठ आहे हे पूल अर्धा संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. चर्चासत्र ज्या संस्थेत होतं ती उत्तर काठावर, टेकड्यांमध्ये, आवारात तळी. खोलीत सामान टाकून मी जरा पडलो. उठलो तर अंधार गुडुप. घड्याळात पाच. घड्याळ बिघडलं असं समजून मी ते हलवून पाहिलं.

खोलीत माझ्याबरोबर बरुआ नावाचे गृहस्थ होते. वरच्या आसामातल्या एका कॉलेजात शिकवतात, माझ्याच वयाचे. ते म्हणाले, "सर, घड़ी ठीक है. सूरज ही जल्दी में रहता है यहाँ."

मी लगेच कागद घेतला. भिवंडी आणि गुवाहाटी यांच्या रेखांशांत जवळपास एकोणीस अंशांचा फरक. अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वा तास. शिवाय गुवाहाटी सात अंश उत्तरेला, हिवाळ्याचे दिवस, त्याची दहा-बारा मिनिटं. एकूण जवळजवळ दीड तास. जुळलं. बरुआ माझ्याकडे बघत होते. "आप छुट्टी में भी ऐसे ही रहते हैं?" त्यांनी विचारलं.

तोवर खोलीत वास पसरला होता. आईचं पुडकं बॅगेत फुटलं होतं आणि चारही सदऱ्यांना सुकट लागली होती. मी ओशाळून खिडकी उघडायला गेलो तर बरुआंनी हात धरला. "शुकान मास? यह तो मेरी माँ भी बाँधके देती है." त्यांनी खानावळीतल्या आचाऱ्याला गाठलं, कांदा, मिरची आणि बटाटा घालून सुकट परतून घेतली आणि निम्मी स्वतः संपवली. आम्ही सुकटीत बटाटा घालत नाही. पुढच्या वेळी घालणार आहे. तिथला आंबट रस्सा घातलेला मासाही मला आवडला. आपल्या कालवणात चिंच किंवा कोकम असतं, तिथे टोमॅटो आणि लिंबू. तिखट मात्र नावाला. केळीच्या सालीच्या राखेचं पाणी घालून केलेली खार नावाची भाजी पहिल्या दिवशी साबणासारखी लागली, चौथ्या दिवशी मी मागून घेतली.

चाळीस दाखले

तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. समोर पस्तीस माणसं. माझी रीत पायऱ्यांची होती. खऱ्या उत्तराच्या वरून कुठून तरी सुरुवात करायची, एकेक पायरी खाली यायचं, आणि जिथे आणखी खाली जाता येत नाही ते उत्तर. एका समीकरणाला ही रीत चालते हे सगळ्यांना माहीत आहे. मी ती दोन समीकरणांना चालवली होती आणि संगणकावर चाळीस दाखले सोडवून तक्ता केला होता. तक्ता मी पडद्यावर लावला. मला त्याचा अभिमान होता.

दुसऱ्या रांगेत चेन्नईहून आलेल्या एक प्राध्यापिका बसल्या होत्या. साठीच्या, सुती साडी आणि पायात खेळाचे बूट. या विषयात त्यांचा शब्द मोठा. त्या इंग्रजीत बोलायच्या, मी मराठीत लिहितो.

"तुमच्या तक्त्यात दोन्ही रकाने सारखे आहेत," त्या म्हणाल्या. "पहिल्या जातीचे तीन तर दुसऱ्या जातीचेही तीन, आणि त्याच जागांवर. चाळीसही वेळा. का?"

"ताळा करता यावा म्हणून, मॅडम. तसं घेतलं की दोन समीकरणांचं एकच होतं, आणि त्याचं उत्तर पुस्तकात आहे. त्याच्याशी ताडून बघता येतं."

"म्हणजे ज्याचं उत्तर माहीत होतं तेवढंच विचारलंत."

वर्गात हसू आलं. त्या हसल्या नाहीत. फळ्यापाशी येऊन त्यांनी पहिल्या जातीचा एक भोवरा घेतला, दुसऱ्या जातीचा एकही नाही. चार ओळी लिहिल्या. दुसरं उत्तर एक पायरी खाली आलं की पहिलं वर ढकललं जात होतं. दोन्ही मिळून कधीच खाली येत नव्हती. जिन्यावर एक उतरतोय आणि त्याच्यामुळे दुसरा चढतोय. माझं चौथं प्रकरण त्या चार ओळींत संपलं.

ही चूक माझ्यासारख्यालाच होणार. ताळा केल्याशिवाय मी आकडा पुढे नेत नाही. त्यामुळे ज्याचा ताळा होत नाही त्या आकड्याकडे मी सात वर्षं गेलोच नाही.

चहाच्या वेळी मॅडम स्वतः जवळ आल्या. "दोन समीकरणांचा एकमेकांवरचा परिणाम सारखाच आहे ना? याचा त्याच्यावर जेवढा तेवढाच त्याचा याच्यावर? मग जिना कशाला? वाडगं घ्या." मी मान हलवली. शेवटच्या बाकावरची मुलं माझ्या तासाला हलवतात तशी.

सुनंदाला फोन केला. ती ड्युटीवर होती.

"प्रकरण चुकलं," मी म्हणालो.

"किती चुकलं?"

"मुळातच. एका बाईंनी चार ओळींत पाडलं."

"बरं झालं. जमा केल्यावर पाडलं असतं तर?"

"अगं, मुदतीला पाच आठवडे राहिलेत."

"मग पाच आठवडे आहेत. मी इथे पेशंटला असंच सांगते, दुखणं कळलं की अर्धं काम झालं. जेवलास का?"

सुआलकुची

रविवारी सत्राला सुट्टी होती. बरुआ म्हणाले, "चलिए, आपको आपका ही गाँव दिखाता हूँ." त्यांची चुलत वहिनी सुआलकुचीला राहते. ते रेशमाचं गाव, त्याच काठावर. शेअर गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, पुढे ड्रायव्हरशेजारी दोघांना कोंबतात, आणि प्रत्येक नव्या माणसाला "बस, अभी निकलेगा" सांगतात. इतपत धामणकर नाकाच होता.

गावात शिरल्यावर मात्र मी थांबून ऐकलं. घराघरांत माग चालू होते. आमच्या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट असा की दोन माणसं शेजारी उभी राहून ओरडून बोलतात. तिथे प्रत्येक हातमागाचा ठोका वेगळा ऐकू येत होता. कुठला माग थांबला, कुठला पुन्हा सुरू झाला, रस्त्यावर उभं राहून सांगता येत होतं. आणि मागावर बहुतेक बाया. माझे वडील सुट्टीला खाडीत होडी घालायचे, पण कामाला जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. आमच्याकडे लूमवर बाई मी लहानपणापासून एकही पाहिली नाही.

वहिनी पन्नाशीच्या होत्या. बरुआ त्यांना बोउ म्हणत. पडवीत दोन माग, एकावर पांढरं रेशीम, दुसऱ्यावर सोनेरी मुगा. त्यांनी "बहक, बहक" म्हणत बसायला दिलं आणि पितळेच्या पायाच्या तबकात सुपारी आणि विड्याची पानं पुढे ठेवली. आल्या पाहुण्याला आधी हे, चहा नंतर. सुपारी ओली असते. बरुआंनी अर्धीच घ्या म्हणून सांगितलं होतं. मी अख्खी घातली. कपाळाला घाम आला, कान तापले, आणि मी भिंतीला टेकून बसलो. वहिनी हसून म्हणाल्या, "पहला बार सबको ऐसा होता है. अब बोलिए, आप क्या काम करते हैं?"

बोलणं भागच होतं. पण जिना त्यांना कसा सांगणार? आणि तो तर पडलेला. मग मी त्यातल्या त्यात सोपं ते सांगितलं, सगळ्या पृष्ठाची एकूण बेरीज. दोन्ही समीकरणांची पृष्ठभर बेरीज घेतली की भोवरे कुठे बसलेत हे निघून जातं, फक्त किती आहेत एवढं उरतं. ही बेरीज मी दुसऱ्या प्रकरणात कधीच केली होती आणि तिथेच सोडून दिली होती. तबकातल्या सुपाऱ्या पहिली जात, पानं दुसरी जात. पृष्ठ एवढं घेतलं की दहा हा आकडा मिळावा. दोन जातींचा एकमेकांवरचा परिणाम अर्धा धरला तर नियम असा निघतो: पहिल्या जातीची दुप्पट करा, त्यातून दुसरी वजा करा, उत्तर दहाच्या आत हवं. दुसऱ्या जातीचीही तशीच दुप्पट करून पहिली वजा करा, तेही दहाच्या आत हवं.

मी सहा सुपाऱ्या मांडल्या. "छह के दुगने बारह. दस से ज़्यादा. नहीं बैठेंगे."

वहिनींनी माझ्या मांडणीकडे पाहिलं. "पान तो रखा ही नहीं आपने," म्हणाल्या आणि त्यांनी शेजारी तीन पानं ठेवली.

मी सवयीने आकडे केले. सहाची दुप्पट बारा, वजा तीन, नऊ. दहाच्या आत. तीनची दुप्पट सहा, वजा सहा, शून्य. दहाच्या आत. मी पुन्हा केलं. मग खिशातला कागद काढून मूळ बेरजेपासून केलं. तिन्ही वेळा तेच आलं. सहा बसत नाहीत, पण दुसऱ्या जातीचे तीन आणून बसवले की नऊच्या नऊ बसतात. गर्दी वाढवली की जागा होते. सात वर्षं हे माझ्या दुसऱ्या प्रकरणात पडून होतं. दोन्ही रकाने सारखे ठेवल्यामुळे मला ते दिसणं शक्यच नव्हतं.

"क्या हुआ?" वहिनींनी बरुआंना विचारलं. "फिर सुपारी चढ़ गई?"

"नहीं बोउ," बरुआ म्हणाले, "इस बार दूसरा कुछ है."

मी वहिनींना सांगितलं की त्यांच्या पानांनी माझं काम पुढे सरकलं. त्या म्हणाल्या, "मैंने क्या किया? सुपारी के साथ पान नहीं देंगे तो लोग क्या बोलेंगे?" आणि पुढचा ठोका घालायला मागाकडे वळल्या. निघताना त्यांनी माझ्या गळ्यात गामोसा घातला, तिकडचा मानाचा पंचा, पांढरा, लाल काठाचा. घरच्या मागावरचा.

वाडगं

सोमवारी नाश्त्याला मी कागद घेऊन मॅडमसमोर बसलो. त्यांनी इडलीचा तुकडा हातात धरून तो वाचला.

"बसण्यासाठी या दोन अटी लागतात, एवढं यावरून कळतं," त्या म्हणाल्या. "पण अटी पुऱ्या झाल्या की भोवरे बसतातच, हे कुठे आहे?"

"ते नाही, मॅडम."

"तेच वाडग्यातून येईल."

या वेळी मी मान हलवली नाही, "समजलं नाही" म्हणालो. मग त्यांनी समजावून सांगितलं. उत्तर असू शकेल अशा प्रत्येक जोडीला एक आकडा जोडता येतो, उंचीसारखा. या सगळ्या उंच्यांचं मिळून एक वाडगं होतं, कुठेही उंचवटा नसलेलं. त्याचा तळ म्हणजे आपलं उत्तर. तळ असेल तर एकच असतो. प्रश्न एवढाच की वाडग्याच्या कडा सगळीकडून वर जातात का. एखादी कड खाली वाकली असेल तर आत टाकलेली गोटी तिथून निसटून जाते आणि उत्तर मिळत नाही.

मंगळवारी सगळे नदीवर बोटीतून फिरायला गेले. मी ग्रंथालयात खिडकीशी बसलो. त्या खिडकीतून तळं दिसायचं आणि तळ्यात दिवसभर एक बगळा. दुपारपर्यंत कळलं की सहा आणि शून्य घेतलं तर एका बाजूची कड खरोखरच खाली वाकते. तीन पानं ठेवली की ती वर उचलली जाते. पाचला अंधार पडला तेव्हा माझी अकरा पानं लिहून झाली होती आणि बगळाही गेला होता.

बुधवारी, शेवटच्या दिवशी, मॅडमनी संयोजकांना सांगून मला पंधरा मिनिटं मिळवून दिली. फळ्यावर मी आधी त्यांच्या त्या चार ओळी पुन्हा लिहिल्या आणि म्हणालो, माझी आधीची रीत यामुळे चूक आहे. मग सहा आणि तीन. मागच्या रांगेतला एक तरुण मोठ्याने म्हणाला, "थांबा, थांबा, तीन घातल्यावर बसतात?" आणि आपल्या वहीत आकडे करू लागला. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

मॅडम शेवटी बोलल्या. "दोन सरळ दिशांना कड वर जाते हे दाखवलंत. तिरप्या दिशांचं काय?"

मी फळ्याकडे पाहिलं. तिरप्या दिशा मी पाहिल्याच नव्हत्या. "राहिलं," मी म्हणालो.

"ते होईल," त्या म्हणाल्या. "या खेपेला होण्यासारखं राहिलंय."

भिवंडी

नवव्या दिवशी घरी आलो तर आमच्या पिण्याच्या पाण्याला गुवाहाटीपेक्षा जास्त चव आहे असं वाटलं. सुनंदा म्हणाली, पाइप बदललाय. गामोसा तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि नीट घडी करून कपाटात ठेवला.

तिरप्या दिशांना चौदा दिवस लागले. कॉलेज सुटल्यावर जेवणाच्या टेबलावर बसायचो. खालच्या कारखान्याचे लूम चालू असले की टेबल हलतं, त्याची सवय आहे. शेवटी ते निघालं ते असं: प्रत्येक उत्तराची पृष्ठभरची सरासरी वेगळी काढायची आणि चढउतार वेगळा ठेवायचा. चढउताराने कड नेहमीच वर जाते. सरासरीचं काय होतं ते त्या दोन अटी ठरवतात. अटी पुऱ्या झाल्या तर तिरप्यासकट सगळ्या दिशांना कड वर, नाही तर एका बाजूला खाली. म्हणजे या दोन अटी लागतात आणि तेवढ्याच पुरतात. याहून नेमकं उत्तर या प्रश्नाला नाही.

सरांना नवीन प्रकरण पाठवलं. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"जाधव, बरोबर आहे. दोनदा वाचलं. पण आधीची रीत का चुकते यावर तुम्ही दीड पान खर्च केलंय. ते काढा. आपली चूक आपण कशाला छापायची?"

"सर, ते राहू द्या. पुढच्या माणसाची सात वर्षं वाचतील."

मग सर म्हणाले, "राहू द्या. मॅडमचं नाव घातलंत ना?"

"घातलंय. वहिनींचंही."

"कुठल्या वहिनी?"

मी सांगितलं. सर बराच वेळ हसले आणि म्हणाले, सही करायला उद्या या.

मुदतीच्या आठ दिवस आधी प्रबंध जमा झाला. परीक्षकांचं अजून कळायचं आहे. त्यांनी काय म्हणावं ते माझ्या हातात नाही, पण चौथं प्रकरण उभं आहे हे मला माहीत आहे.

परवा सुनंदाची सुट्टी होती. मी संगणकावर सहा आणि तीनचं चित्र काढत होतो. पडद्यावर हळूहळू नऊ खळगे उमटले, सहा एका रंगात, तीन दुसऱ्या. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"हे ते?"

"हे ते."

"सात घालून बघ की."

"सातला तीन पुरत नाहीत. सातची दुप्पट चौदा, वजा तीन, अकरा."

"मग चार घाल."

"चारने बरोबर दहा होतात. बरोबर दहा चालत नाहीत, कमीच लागतात."

मग तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "म्हणजे पाच," म्हणाली आणि दुसऱ्या रकान्यात पाच टाकले.

यंत्राला वीस मिनिटं लागणार होती. आम्ही चहा टाकला.